लांबच्या गाडीप्रवासात व्यायाम टिकवायचा कसा: सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

परीक्षा संपल्या की सोलापुरातून गाड्या बाहेर पडतात. कोणी हैदराबादमार्गे तिरुपतीला जातं, कोणी विजापूर-हुबळीवरून गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपीकडे. वर्षभर नेमाने व्यायाम करणाऱ्यांची घडी नेमकी इथे विसकटते. काही जण डंबेल्स डिकीत टाकतात, जिममधला पूर्ण कार्यक्रम रोज करायचा असं ठरवून निघतात आणि दुसऱ्याच मुक्कामी सोडून देतात. काही जण ‘आल्यावर बघू’ म्हणतात आणि आल्यावरही दोन आठवडे जिमची पायरी चढत नाहीत. दोघांचं चुकतं एकाच ठिकाणी. प्रवासात काय करायचं हे घरी ठरलेलं नसतं. दिवसभर गाडी चालवून आल्यावर, पोरं भुकेजलेली असताना, लॉजच्या खोलीत ते ठरवायची वेळ येते. तेव्हा उत्तर ‘उद्या’ हेच येणार.

खाली उदाहरणाला सोलापूर-विजापूर-हुबळी-अंकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेला जाणारा ६६ घेतला आहे. दुसरीकडे जाणाऱ्यांनी गावं बदलावीत, क्रम बदलू नये.

टप्पा १: निघण्याच्या दोन आठवडे आधी, कागदावर

आधी अपेक्षा जागेवर आणा. दहा-बारा दिवसांत ताकद वाढवायची नाही, आहे ती राखायची आहे. राखायला वाढवण्यापेक्षा खूपच कमी काम लागतं. नेहमीच्या सेट्सपैकी (सेट म्हणजे न थांबता एका दमात केलेली आवर्तनं) एक-तृतीयांश केले तरी भागतं. अट एकच: केलेला सेट कष्टाचा हवा, म्हणजे संपताना अंगात फार तर दोन-तीन आवर्तनांची ताकद उरलेली असावी. लोक नेमकं उलट करतात. व्यायामांची यादी तेवढीच लांब ठेवतात आणि प्रत्येक व्यायाम उरकून टाकतात. त्यात वेळही जातो आणि ताकदही राहत नाही. साठीच्या पुढच्यांना राखायलाही जरा जास्त लागतं, त्यांनी आठवड्यातले दोन कष्टाचे दिवस सोडू नयेत.

आता प्रवासाचा प्रत्येक दिवस लिहून काढा आणि त्यापुढे प्रकार लिहा. चार तासांहून जास्त गाडी असेल तर ‘गाडीचा दिवस’, व्यायाम १५ मिनिटं. एकाच गावी थांबणार असाल तर ‘मुक्कामाचा दिवस’, ४० मिनिटं. सोलापूर ते हुबळी सुमारे ३०० किलोमीटर, तो सरळ गाडीचा दिवस. हुबळीहून अरबैल घाट उतरून अंकोला आणि पुढे गोकर्ण हे अंतर निम्मंच असलं तरी घाटात वेळ जातो, म्हणून तोही गाडीचाच धरा. गोकर्णातला पुढचा दिवस मुक्कामाचा. असं लिहिल्यावर दिसेल की दहा दिवसांत खरे व्यायामाचे दिवस तीन-चारच आहेत, आणि तेवढे पुरतात.

*सावधान:* मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी पायात रक्ताची गाठ झालेली असेल, तर हा कागद आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी गाडी हातात घेण्याआधी साखर तपासावी आणि ग्लुकोजची पावडर डिकीत नव्हे, हाताशी ठेवावी.

टप्पा २: घरी तालीम

प्रवासातला १५ मिनिटांचा व्यायाम निघण्याआधी घरी निदान दोनदा करून पाहा, तोही मोकळ्या हॉलमध्ये नाही. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या पट्टीत सोलापुरी चादर अंथरून करा, कारण लॉजच्या खोलीत जागा तेवढीच मिळते.

या तालमीचं खरं कारण वेगळं आहे. मशिनवर पाय दाबणाऱ्या माणसाने अचानक पन्नास बैठका मारल्या तर पुढचे दोन-तीन दिवस मांड्या धरतात. ही दुखी साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते, म्हणजे बरोबर गाडीत बसून राहायच्या वेळी. नवा व्यायाम घरीच अंगवळणी पडू दे.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी ‘पुढची कसर भरून काढतो’ म्हणून केलेला दणकून पायांचा व्यायाम. शेवटचा जड पायांचा दिवस आणि प्रस्थान यांत किमान तीन दिवस ठेवा. आदल्या रात्री झोप पूर्ण घ्या.

टप्पा ३: पिशवी

थोडक्यात: दोन वेगवेगळ्या ताकदीचे रबरी बँड, एक चादर, चालायचे बूट, दोन जोड मोजे, प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली. बस्स. ही पिशवी डिकीत सगळ्यांत वर ठेवा. बॅगांच्या तळाशी गेलेली पिशवी मुक्कामी बाहेर निघत नाही.

डंबेल्स नेऊ नका. जोरात ब्रेक लागला की पाच किलोचं लोखंड गाडीत सुटं फिरतं. बूट आणि बाटल्याही चालकाच्या पायापाशी किंवा सीटखाली ठेवू नका, घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली अडकतात.

*तपासा:* बँड ताणून उजेडात धरा. बारीक चिरा दिसल्या तर टाकून द्या. आणि उन्हात लावलेल्या गाडीत बँड विसरू नका. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी तापते तेव्हा रबर लवकर खराब होतं, आणि तुटलेला बँड सरळ तोंडावर येतो.

टप्पा ४: डबा

व्यायाम टिकला तरी खाणं ढासळतं, ते मुख्यतः प्रथिनांच्या बाबतीत. सकाळी पोहे किंवा इडली, दुपारी भात, मध्ये वेफर्स, तीन-चार गोड चहा: दिवसभर पोट भरलेलं असतं आणि प्रथिनं निम्मीही गेलेली नसतात.

आपल्याकडे प्रवासाचा डबा मुळातच चांगला आहे. ज्वारीची कडक भाकरी कोरडी राहिली तर बरेच दिवस टिकते. फक्त किनाऱ्यावर दमट हवेने ती सादळते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात न्या आणि लागेल तेवढीच काढा. सोबत शेंगाची चटणी. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रथिनं आहेत, पण साडेपाचशेहून जास्त कॅलरीही आहेत, तेव्हा गाडीत दाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसायचं नाही. मूठभर वाटीत काढायचे आणि पिशवी मागे ठेवायची. फुटाणे त्या मानाने बरे, प्रथिनं जवळपास तेवढीच आणि तेल कितीतरी कमी.

बाहेर जेवताना आधी डाळ, उसळ, अंडी, मासे, दही-ताक यांतलं काय आहे ते विचारा आणि तेच आधी मागवा, पोळी-भाताचं नंतर बघा. उत्तर कर्नाटकातल्या खानावळी या कामाला फार चांगल्या आहेत. ज्वारीची रोटी, कडधान्याची पल्या, भरली वांगी, दही, शेंगाची चटणी असं पान मिळतं, आणि आपल्या पोटाला त्यातलं काही परकं नसतं. विजापूर-हुबळी रस्त्यावर कृष्णेकाठचं कोल्हार दह्यासाठी ओळखलं जातं. तिथे थांबणार असाल तर कोल्ड्रिंकऐवजी दही घ्या.

पाण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने घरातल्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतो, लघवीची जळजळ सुरू होते आणि व्यायाम बाजूलाच राहतो. हा प्रश्न त्यांनी सोसून सुटणारा नाही, चालकाने थांबे आधी ठरवून सुटणारा आहे. मोठे पेट्रोल पंप नकाशावर खुणा करून ठेवा आणि दर दोन तासांनी, कोणी म्हणो न म्हणो, थांबा.

टप्पा ५: किल्ली फिरवण्याआधीची १५ मिनिटं

गाडीच्या दिवशी व्यायाम सकाळीच करायचा. संध्याकाळ तुमच्या हातात नसते. टायर, वाहतूक, दर्शनाची रांग, खोली शोधणं, यांतलं काहीतरी ती खातंच.

क्रम असा ठेवा: उठणं, पाणी, शौच, खोलीत किंवा गच्चीवर पाच मिनिटं चालणं, व्यायाम, अंघोळ, नाश्ता, गाडी. उठल्या उठल्या कमरेतून खोल वाकू नका. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि पहिला अर्धा-पाऊण तास पुढे वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाणवतो. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी पहिले दोन-तीन गुडघे किंचित वाकवून, सावकाश घालावेत.

व्यायाम पाचच:

1. बैठका, खाली जाताना तीन सेकंद घेऊन.
2. जोर. पूर्ण जमत नसतील तर पलंगाच्या कडेवर हात ठेवून.
3. बँडने रोइंग: पाय लांब करून बसा, बँड तळपायांभोवती घ्या, पाठ ताठ ठेवून कोपरं मागे ओढा.
4. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलणं, वर दोन सेकंद थांबून.
5. प्लँक: पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं टेकवा, अंग फळीसारखं सरळ धरून ठेवा, श्वास न रोखता.

पाचही एकामागोमाग, मग एक मिनिट विश्रांती, अशा दोन किंवा तीन फेऱ्या. आवर्तनं मोजून ठरवू नका, वर सांगितलेल्या कष्टाच्या खुणेपर्यंत जा.

तिसरा व्यायाम सर्वांत जास्त गाळला जातो आणि प्रवासात त्याचीच गरज सर्वांत मोठी. स्टिअरिंग धरून किंवा मोबाइल बघत बसलेल्या माणसाचे खांदे दिवसभर पुढे झुकलेले असतात. त्यात फक्त जोर मारले तर छाती आणखी आखडते. वेळ कमी असेल तर जोर सोडा, रोइंग ठेवा. बँड दाराला अडकवायचाच असेल तर तुम्ही ओढाल तेव्हा दार बंद होण्याच्या दिशेने ओढलं गेलं पाहिजे आणि कडी लावलेली असली पाहिजे.

आता खरी अडचण. उन्हाच्या आधी अंतर कापायचं म्हणून पहाटे चार-पाचलाच निघण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही. पण म्हणून साडेतीनला उठून व्यायाम करायचा नाही. पहिल्या दिवशी व्यायाम विजापुरात करा. सोलापूरहून ते साधारण १०० किलोमीटर, म्हणजे पहिल्या थांब्याचंच अंतर. नाश्त्याच्या आधी गाडी नीट लावून दहा मिनिटं चाला, मग एखाद्या बागेत किंवा मोकळ्या आवारात बैठका, कट्ट्यावर हात ठेवून जोर आणि बँडचं रोइंग करा. आडवं पडायचे व्यायाम त्या दिवशी सोडून द्या.

*सावधान:* रात्री सहा तासांहून कमी झोप झाली असेल तर चालकाने त्या सकाळी व्यायाम करू नये, ती १५ मिनिटंही झोपावं. गाडी चालवताना डोळे मिटायला लागले तर उड्या मारून किंवा तोंडावर पाणी मारून झोप जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावून १५-२० मिनिटं झोपणं किंवा दुसऱ्याच्या हाती गाडी देणं, हेच उपाय. घाटाच्या आधी पाय थरथरेपर्यंत बैठका मारणंही टाळा, क्लच-ब्रेकवर पाय खात्रीचा हवा.

टप्पा ६: थांबे

लोक थांबतात, उतरतात आणि दहा पावलांवरच्या खुर्चीत पुन्हा बसतात. चहा, वडा, फोन, परत गाडी. याला थांबणं म्हणता येईल, शरीराच्या दृष्टीने बसणंच चालू राहिलं. सलग चार तासांपेक्षा जास्त बसलं की पायांतलं रक्त साकळून गाठ होण्याचा धोका वाढतो. पोटऱ्यांचे स्नायू आकसले की ते रक्त वर ढकललं जातं, आणि बसलेल्या माणसाच्या पोटऱ्या काहीच काम करत नाहीत.

दर दोन तासांनी हे या क्रमाने करा. गाडी पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात आत घ्या, महामार्गाच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर कधीच नको. स्वच्छतागृहात जाऊन या. पाच मिनिटं भराभर चाला, आवारातल्या आवारात फेऱ्या मारल्या तरी चालेल. गाडीला हात टेकून वीस-पंचवीस वेळा टाचा वर उचला. एक पाय मागे टाकून, मागचं नितंब आवळून, जांघेचा पुढचा भाग प्रत्येक बाजूने अर्धा मिनिट ताणा. बसून बसून हाच भाग आखडतो आणि कमरेवर ओढ येते. हात मागे गुंफून छाती उघडा. मग चहा. चहा आधी घेतला की बाकीचं होत नाही, म्हणून तो शेवटी ठेवला आहे.

इथली हमखास चूक म्हणजे गाडीतून उतरल्या उतरल्या पायाचे अंगठे धरायला वाकणं. दोन तास गोलाकार बसलेल्या पाठीला पुन्हा त्याच दिशेला वाकवू नका. आधी चाला, ताठ उभे राहा. जड बॅग उचलायची असेल तर तीही चालून झाल्यावरच.

मागे बसलेल्यांनी दर अर्ध्या तासाने घोटे वर-खाली करावेत. चालकाने चालत्या गाडीत काही करू नये, त्याने निघतानाच बसणं नीट करावं: मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवायचं, कंबर सीटला पूर्ण टेकवायची, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकं सीट पुढे घ्यायचं.

*सावधान:* एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम किंवा लाल वाटते, तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

टप्पा ७: मुक्कामाचा दिवस

वरचेच पाच व्यायाम, चार फेऱ्या, आणि त्यानंतर २० मिनिटं जोरकस चालणं किंवा पळणं. हाच तुमचा खरा कष्टाचा दिवस. सकाळी लवकर उरका, म्हणजे घरच्यांचा दिवस तुमच्यासाठी अडत नाही.

किनाऱ्यावर दोन गोष्टी सोलापूरकरांना फसवतात. पहिली हवा. चाळिशीच्या पुढचं तापमान सोसलेला माणूस म्हणतो, इथे तर पस्तीसही नाही. पण आपली गरमी कोरडी आहे, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो, आणि अंगातली उष्णता आतच साठते. पार्क स्टेडियमवरच्या तुमच्या नेहमीच्या वेगाने तिथे पळायला जाऊ नका. वेग श्वासावर ठरवा: धावताना छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. मळमळ, चक्कर, अंगावर काटा येऊन थंडी वाजणं यांतलं काही झालं की थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी घ्या.

दुसरी वाळू. मऊ वाळूत पाऊल प्रत्येक वेळी रुततं आणि पोटरी व टाचेमागची शीर जास्त राबते. पहिल्याच दिवशी अनवाणी पाऊण तास पळणाऱ्याला पुढचा अख्खा प्रवास लंगडत काढावा लागतो. पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवर चाला. किनारा उतरता असतो, म्हणून जेवढं एका दिशेने तेवढंच परत या, नाहीतर एकाच पायावर ताण राहतो. अनोळखी समुद्रात व्यायाम म्हणून पोहू नका, मेअखेरीला समुद्र खवळायला लागतो तेव्हा तर मुळीच नाही.

गावात पळायचं असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, कानात काही घालू नका, आणि कुत्र्यांची टोळी दिसली की पळणं थांबवून चालत वाट बदला.

*तपासा:* दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना मांड्या किंचित जाणवतात, पण कठडा धरावा लागत नाही? मग प्रमाण बरोबर आहे.

टप्पा ८: दिवस फसला तर

फसणारच आहे, म्हणून त्याचीही तरतूद कागदावर हवी. गाडी बिघडली, मूल तापलं, रात्री अकराला खोली मिळाली. अशा दिवशी फक्त पाच मिनिटं: एक सेट बैठका, एक सेट रोइंग, एक प्लँक. तेवढंही शक्य नसेल तर झोपा.

हुकलेला व्यायाम दुसऱ्या दिवशी जोडून दुप्पट करू नका. अशा भरपाईच्या दिवशी दुखापतीचा धोका वाढतो. हुकला तो यादीतून कट करा आणि आजच्या तारखेसमोर जे लिहिलं आहे ते करा. यासाठी कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि रोज खूण करा. मुलांच्या हाती पेन द्या, ती विसरू देत नाहीत.

पोट बिघडलं असेल तर मात्र पाच मिनिटंही नको. ओआरएसचं पाणी, आराम, आणि जुलाब थांबून नीट जेवण जायला लागल्यावर एक दिवस जाऊ द्यायचा.

टप्पा ९: परतल्यावरचा पहिला आठवडा

वजनकाट्यावर लगेच उभे राहू नका. बाहेरच्या जेवणातलं मीठ आणि सलग बसणं यांनी अंगात पाणी धरून राहतं आणि काटा एक-दोन किलो जास्त दाखवतो. चार-पाच दिवस घरचं जेवण होऊ दे, मग बघा. तो आकडा बघून घाबरून जेवण तोडणारे लोक पहिल्याच आठवड्यात गळून जातात.

रात्री उशिरा पोहोचून पहाटे सहाला जिम गाठू नका. पहिला दिवस झोप आणि संध्याकाळी कंबर तलावापर्यंत किंवा घराजवळ अर्धा तास चालणं. दुसऱ्या दिवशी जिम, पण नेहमीच्या वजनाच्या साधारण ६० ते ७० टक्क्यांवर आणि निम्म्या सेट्सवर. तिसऱ्या सत्रात ८० टक्के. अंग साथ देत असेल तर आठवड्याअखेरीला जुन्या वजनावर या. पळणाऱ्यांनी पहिले तीन दिवस अंतर निम्मं ठेवावं.

*सावधान:* मोठ्या खंडानंतर, उन्हाळ्यात, एकदम जोरात केलेल्या व्यायामाने स्नायू असह्य दुखून सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर ती नेहमीची अंगदुखी नाही. स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडावर भार येत असतो. वेदनाशामक गोळी घेऊन घरी थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

प्रवासाचा कागद फेकू नका. कुठल्या दिवशी खूण झाली नाही ते बघा आणि त्यापुढे कारण लिहून ठेवा: उशिरा निघालो, खोली लहान होती, नाश्ता आधी झाला. दिवाळीच्या सुट्टीत निघताना टप्पा १ याच कागदावरून सुरू करता येतो.